मेट इंदवलीच्या पलीकडे

बामणोलीच्या धक्क्यावर सकाळी साडेसातला वनखात्याच्या माणसानं आमच्या पाठपिशव्या उघडायला लावल्या आणि आतलं प्लास्टिक मोजायला घेतलं. पाण्याच्या बाटल्या सहा, बिस्किटांचे पुडे चार, वेफर्सची पिशवी एक, ओआरएसच्या पुड्या तीन. एकूण चौदा. आकडा वहीत गेला, अनामत रक्कम गल्ल्यात गेली. "येताना चौदाच्या चौदा दावायच्या," असं बजावून त्यानं वही मिटली. डिसेंबरातला आडवार होता. लाँचमध्ये आम्ही चौघं, लाँचवाला आणि वाट दाखवायला आलेले साठीचे मामा. रविवारी इथं रांग लागते म्हणे. त्या दिवशी मात्र कोयनेच्या शिवसागर जलाशयावर दुसरी बोट नव्हती.

साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोलीला उतरताना कोयनेचं खोरं एकदम समोर उघडतं. सह्याद्रीतून देशावर येणाऱ्या बहुतेक नद्या उगम झाला की पूर्वेला तोंड करून चालू लागतात. कोयना तसं करत नाही. महाबळेश्वरला जन्मल्यावर ती घाटमाथ्याचा हात धरून साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला जाते, हेळवाकजवळ काटकोनात वळते आणि मग कऱ्हाडला कृष्णेला भेटते. त्यामुळे तिचं खोरं लांबट आणि दोन्ही बाजूंनी मिटलेलं आहे. पूर्वेला कासच्या बाजूचे सडे, पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार आणि त्या धारेपलीकडे थेट कोकण. हीच ती जावळी. चंद्रराव मोऱ्यांना इथल्या झाडीचा केवढा भरवसा होता आणि १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी तो कसा मोडला, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. ती झाडी आपल्याला ठाऊक असते ती गोष्टीतली. प्रत्यक्षात आज तिच्यात शिरायचं तर आधी तासभर पाण्यावरून जावं लागतं.

हे पाणी नवं आहे. कोयना धरणाची भिंत १०३ मीटर उंच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्यामागे पाणी साठू लागलं आणि खोऱ्याचा तळ दिसेनासा झाला. आज जलाशयाची क्षमता १०५ टीएमसीच्या आसपास आहे. वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात 'कोयना भरलं' ही बातमी आपण समाधानानं वाचतो. लाँचमध्ये बसल्यावर मात्र पहिल्यांदा जाणवतं की आपण ज्याच्यावरून चाललो आहोत ती भाताची खाचरं होती. शंभराच्या घरातली गावं पूर्ण किंवा थोडीथोडी पाण्याखाली गेली. माणसं ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशी विखुरली. कित्येकांच्या पुनर्वसनाची कागदपत्रं साठ वर्षांनीही टेबलांवरून फिरत आहेत आणि त्यासाठीची धरणी अजून धरली जातात. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा काठावरचे लोक उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात. गाळपेर म्हणतात त्याला. ज्याची जमीन बुडाली तो तिच्यावर वर्षातले काही महिने पुन्हा नांगर घालतो, फक्त आता ती सरकारची असते.

मामांचं गाव कुठलं, असं विचारलं तर त्यांनी लाँचच्या डाव्या अंगाला हात केला. तिथं पाणीच होतं.

*

लाँच जिथं लागते ती जागा मेट इंदवली. नुसतं नाव नीट वाचलं तरी अर्धा इतिहास कळतो. मेट म्हणजे गडाच्या घेऱ्यात, वाटेच्या तोंडाशी बसवलेली पहाऱ्याची चौकी. मेटकऱ्यांनी वर जाणारायेणाराला हटकायचं, खबर वर पोचवायची. आम्ही ज्या गडावर निघालो होतो त्या वासोट्याचं हे मेट. पुढे गाव झालं, मग धरण आलं, मग अभयारण्य आलं आणि गाव उठलं. आता इथं वनखात्याची चौकी आहे आणि ती जाणारायेणाराला हटकते. साडेतीनशे वर्षांत काम बदललं नाही, गणवेश बदलला.

चौकीपासून जरा आत गेलं की ओढ्याकाठी मारुती आणि गणपती भेटतात, उघड्यावर. तिथून चढ लागतो आणि ऊन संपतं. डिसेंबरातल्या सकाळी नऊ वाजता मी कपाळावरचा गॉगल पिशवीत टाकला तो गडाच्या दरवाजापर्यंत बाहेर काढला नाही. हे निमसदाहरित जंगल आहे. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही इथली मुख्य त्रयी, महाबळेश्वरापासून कोयनेपर्यंतच्या माथ्यावरच्या रानाची ओळखच म्हणा ना. अंजनीचं लाकूड लोखंडासारखं. वसंतात याच खोडांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके थेट सालीतून फुटतात. हिरडा आहे, गेळा आहे, आणि मोकळ्या उतारांवर कारवी. कारवी सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी सगळी मिळून फुलते आणि मरते. सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणी २०१६ आणि २०२४ ही फुलोऱ्याची सालं होती. वाळलेल्या कारवीच्या काठ्या कुडाला वापरायच्या, वर शेणमातीचा गिलावा द्यायचा. या खोऱ्यातली जुनी घरं तशीच उभी असत. आता तीच कारवी जागेवर कुजते, कारण अभयारण्यातून काडी उचलणं हा गुन्हा आहे.

पहिल्या तासात एकही प्राणी दिसला नाही. ज्यांना प्राणी बघायचे आहेत त्यांनी ताडोब्याला जावं हे बरं. जिप्सीत बसावं, वाघ रस्ता ओलांडेल, फोटो मिळेल. सह्याद्रीच्या दाट रानात जनावर दिसत नाही, ते वाचावं लागतं, आणि ते वाचणं मला मामांशिवाय जमलं नसतं. वाटेवर ओलसर मातीत खुरांचा मोठा, गोलसर ठसा होता. गवा. दोन पावलांवर शेणाचा पो, अजून ओला. पुढे एका झाडाच्या बुंध्यावर पाच समांतर ओरखडे, माझ्या डोक्याच्याही वर. अस्वल मधासाठी चढलं होतं. वाटेच्या मधोमध केसांनी भरलेली, पांढरी पडलेली विष्ठा. "कोळसुंद्यांची. बिबट्याची पण अशीच असती, पण ह्यांची वाटंवर एका जागी लई असती. समद्यांनी मिळून टाकल्याली." रानकुत्र्यांचा कळप सार्वजनिक जागी असा जाहीरनामा काढतो, ही माहिती मी नंतर पुस्तकात पडताळली. मामा बरोबर होते.

एकदा भेकर ओरडलं. कुत्र्याच्या भुंकण्यासारखा, पण एकेक सुटा आवाज, मध्ये पाच-सहा सेकंदांचं अंतर. आम्ही थांबलो. ते आमच्यामुळे ओरडत होतं की आणखी कुणामुळे, हे ठरवता येईना.

शेकरू मात्र दिसलं, आणि भरपूर वेळ दिसलं. जांभळाच्या शेंड्यातून एक तांबूस-पिवळसर झुपका लोंबत होता, तो हलला. शेपटीसकट दीड-दोन हात लांबीची ही खार जमिनीवर सहसा उतरतच नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर वीस फुटांची झेप घेते. पातळ फांद्यांच्या टोकाला, जिथं बिबट्याचं वजन पेलणार नाही अशा जागी, काड्यापानांचं गोल घरटं बांधते, आणि एकच नाही तर अनेक. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या शास्त्रीय नावाची गोष्ट तेवढी माहीत नसते. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८३१ मध्ये पश्चिम घाटातल्या या खारीचं वर्णन करताना तिला 'एल्फिन्स्टोनी' हे नाव दिलं. साइक्स १८१७ च्या खडकीच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूनं होता, आणि पुढे मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झालेल्या एल्फिन्स्टननंच त्याला दख्खनच्या सांख्यिकी पाहणीवर नेमलं. म्हणजे पेशवाई बुडवणाऱ्या माणसाचं नाव सह्याद्रीतल्या खारीला चिकटलं. उपजातींच्या सीमांबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. डोक्यावर बसून हिरड्याची साल कुरतडणाऱ्या त्या जनावराला अर्थात यातलं काही ठाऊक नव्हतं. पण वर जो गड आहे त्याच्या इतिहासाशी या नावाचा फार जवळचा संबंध आहे, म्हणून सांगितलं.

*

अर्ध्या चढावर मामा वाट सोडून डावीकडे वळले आणि कारवीतून आम्हांला एका सपाट जागी घेऊन गेले. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग दिसायला लागलं. एक फणस, ओळीत तीन आंबे, दगडी जोत्याची कड, आणि गवतात उलटं पडलेलं जातं. जंगलात आंबा-फणस ओळीत उगवत नाहीत.

कोयना अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं, साधारण ४२३ चौरस किलोमीटरचं. त्याच वर्षी दक्षिणेला चांदोलीचं अभयारण्य झालं. ते २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, एकूण ११६५ चौरस किलोमीटर. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत कोयना, चांदोली आणि कासही आहेत. या प्रत्येक पायरीवर काही गावं उठली किंवा उठवली गेली. काहींना मनापासून जायचं होतं, शाळा नाही, दवाखाना नाही, पावसाळ्यात चार महिने लाँच बंद. काहींना नव्हतं जायचं.

या मोकळ्या झालेल्या जागांचं पुढे काय झालं, ही मला या साऱ्या प्रवासातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. दाट रानात गवत उगवत नाही, कारण उजेड पोचत नाही. गव्याला, सांबराला गवत लागतं. ते मिळतं कुठं? उठलेल्या गावांच्या पडक शेतांवर. माणसानं शेकडो वर्षं झाडं तोडून, राब भाजून, नाचणी-वरी घेऊन जी जागा उघडी ठेवली, ती माणूस गेल्यावर कुरण झाली. संध्याकाळी गव्यांचे कळप उतरतात ते या जुन्या गावठाणांवर. आणि आता प्रश्न असा की ती तशीच सोडली तर दहा-वीस वर्षांत झुडुपं माजतात, गवत संपतं. म्हणून वनखातं तिथली झुडुपं काढून कुरणं राखतं. शेतकऱ्याचं काम आता सरकार करतं आहे, गव्यांसाठी.

आपण ज्याला 'अस्पर्श' म्हणून मिरवतो त्या रानाच्या पोटात इतकं माणूसपण आहे. इथली शांतता आपोआप आलेली नाही. ती थर देत देत तयार झाली आहे, आणि प्रत्येक थरात कुणाला तरी इथून घालवून दिलं आहे किंवा कुणाला तरी इथं डांबलं आहे.

डांबण्याचंच म्हणाल तर वासोट्यानं ते काम फार आधीपासून केलं. गडाला पाणी आहे, तीन बाजूंनी कडे आहेत, भोवती रान आहे. सुटून गेलेला कैदी जाणार कुठं? महाराजांनी याचं नाव व्याघ्रगड ठेवलं असं सांगतात. पन्हाळ्यावर इंग्रजांनी आपलं निशाण लावून तोफा डागल्या, त्याचा जाब म्हणून १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटली गेली आणि तिथले इंग्रज पकडले गेले. त्यांच्या कैदेच्या ठिकाणांत वासोट्याचं नाव येतं. पेशवाईच्या अखेरीस ताई तेलीण या गडावर उभी राहिली. औंधच्या परशुराम श्रीनिवास पंतप्रतिनिधींना दुसऱ्या बाजीरावानं कैदेत टाकल्यावर त्यांच्या बाजूनं तिनं बंड केलं. बापू गोखल्यांसारख्या नामांकित सेनापतीला तिनं महिनोन्महिने तंगवलं आणि १८०८ च्या सुमारास गड पडला. तिच्यावरची एक तिखट, जराशी चावट रचना सातारा भागात अजून पाठ आहे. तिच्यात हसं होतं ते बापू गोखल्यांचं. एवढी बाई आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र 'प्रतिनिधींची उपस्त्री' या दोन शब्दांत आटपते, हे मला कधीच पटलेलं नाही.

मग १८१८. हैदराबादकडून पुण्याला येत असलेले हंटर आणि मॉरिसन हे दोन तरुण इंग्रज अधिकारी आदल्या वर्षी उरुळीजवळ पकडले गेले होते. आधी कांगोरीवर आणि मग वासोट्यावर ते कैदेत होते. साताऱ्याच्या छत्रपतींच्या कुटुंबालाही बाजीरावानं इथंच ठेवलं होतं. इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या. मधली दरी खोल आहे पण अरुंद, आणि जुना वासोटा नव्यापेक्षा उंच. वरून गोळे पडायला लागल्यावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गड खाली झाला. या मोहिमेच्या कारभाराची सूत्रं ज्याच्या हातात होती तोच हा खारीचा एल्फिन्स्टन.

*

आज वर विशेष काही उरलेलं नाही. पडका दरवाजा, छप्पर नसलेला मारुती, महादेवाचं देऊळ, वाड्याचं जोतं, पाण्याची टाकी, चुन्याची घाणी. दुर्गप्रेमी अर्ध्या तासात सगळं टिपून घेतात. मी गडावरचा सगळा वेळ बाबूकड्याच्या टोकावर काढला.

बाबूकडा म्हणजे जुना आणि नवा वासोटा यांच्यामधली घोड्याच्या नालेसारखी भिंत. वरून पाहताना कड्याचा पायथा दिसत नाही, इतका तो आत खचलेला. काळ्या बेसॉल्टचे आडवे थर एकावर एक मोजता येतात. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा एकेक पूर म्हणजे एकेक थर. कोयनेच्या परिसरात गोठण्याला शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा हे थर सव्वा किलोमीटरवर संपून खाली ग्रॅनाइट लागला. एवढं खोल जायचं कारण भूकंप. धरण भरू लागल्यापासून खोऱ्यात धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली. जलाशयामुळे चेतवलेल्या भूकंपांचा अभ्यास जगात जिथं जिथं होतो तिथं कोयनेचं नाव पहिल्या ओळीत असतं.

कड्यावरून पश्चिमेला कोकण. खाली खेड तालुक्यातलं चोरवणे, पलीकडे रसाळगड, सुमारगड, महिपतगड ही तिघं एका धारेवर, जवळ नागेश्वराचा सुळका. त्याच्या पोटातल्या गुहेतल्या शंकराला महाशिवरात्रीला दोन्ही बाजूंनी माणसं येतात, कोकणातून चढून आणि बामणोलीकडून पाण्यावरून. वर्षातला तो एक दिवस सोडला तर ही धार कुणाची नसते.

मागे वळलं की शिवसागर. दोन्ही एकाच नजरेत येतात तेव्हा एक गोष्ट लख्ख कळते. कोयनेचं पाणी सरळमार्गानं गेलं असतं तर कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. १९६२ पासून ते डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून कोकणाकडे वळवलं जातं, पोफळीला साडेचारशे मीटरहून अधिक खाली कोसळतं, वीज देतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्रात जातं. चारही टप्पे मिळून १९६० मेगावॉट. कृष्णा लवादानं असं पश्चिमेला नेण्याच्या पाण्याला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. मुंबईतला दिवा लागतो तेव्हा त्यातला थोडा उजेड या दरीतून गेलेला असतो.

आणि माणसंही तिकडेच गेली. जावळी, पाटण हे मुंबईच्या गोदीला आणि बाजारांना पाठ पुरवणारे तालुके. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच; माथाडी कायदा आला तो १९६९ मध्ये. मुख्यमंत्री झालेल्या एकनाथ शिंद्यांचं दरे तर्फ तांब हे गाव याच पाण्याच्या काठी आणि त्यांचं राजकारण ठाण्यात उभं राहिलं. या खोऱ्यात कुणाच्याही घरी विचारा, मुलगा कोपरखैरण्याला किंवा ठाण्याला असतो. गणपतीला आणि यात्रेला गाव भरतं, नंतर म्हातारी माणसं आणि कुत्री राहतात.

वाघाची गोष्ट याच्या बरोबर उलटी. २०१८ मध्ये प्रकल्पात वाघाचा एक फोटो मिळाला, नंतर पाच वर्षं काहीच नाही. वाघाशिवायचा व्याघ्र प्रकल्प म्हणून लोक हसले. डिसेंबर २०२३ मध्ये एक नर कॅमेऱ्यात आला. राधानगरीकडून आला होता. खालच्या अंगाला गोवा आणि कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पापर्यंत रानाची जी तुटक साखळी आहे तिच्यावरूनच असे नर चालत येतात. पण माद्या एवढ्या लांब जात नाहीत. म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातून एक तरुण वाघीण उचलून चांदोलीत आणली गेली. तिच्या पोटासाठी त्याआधी सागरेश्वरातून चितळ आणून सोडलेले होतेच. माणसांचं पुनर्वसन बाहेर झालं, वाघांचं आत. यात खोटं काही नाही, पण दोन्ही फायली शेजारी ठेवून वाचल्या की मन स्वस्थ राहत नाही. मी वाघाच्या बाजूची आहे. तरीही.

आता खोऱ्याला पुन्हा माणसं हवी आहेत, निदान शनिवार-रविवारची. जलाशयावर पूल बांधले जात आहेत. 'नवीन महाबळेश्वर' या नावानं सुरुवातीला २३५ गावांचा गिरिस्थान आराखडा रस्ते विकास महामंडळाकडे सोपवला गेला. काठावरच्या म्हाताऱ्यांना पूल हवाच आहे, आणि तो त्यांना साठ वर्षांपूर्वीच मिळायला हवा होता. रात्री कुणाला साप चावला तर लाँचची वाट बघत बसायचं, हे शहरातून निसर्ग पाहायला येणाऱ्या माझ्यासारखीनं गोड मानून घ्यायचं कारण नाही. पुलावरून रुग्णवाहिका येईल. तिच्यामागून काय काय येईल, ते कासच्या रस्त्यावरची हॉटेलं पाहून कुणीही सांगू शकेल.

*

दुपारी तीनला मामांनी उठवलं. पाचच्या आत परत पोचायचं असतं, गडावर मुक्कामाला बंदी आहे, आणि ती बंदी मला मनापासून मान्य आहे. उतरताना सकाळच्या ओल्या ठशावर दुसरा ठसा उमटलेला होता, आमच्या बुटांच्याही वर. म्हणजे आम्ही वर असताना गवा याच वाटेनं गेला होता. मामांनी नुसतं बोट दाखवलं.

बामणोलीला पिशव्या पुन्हा उघडल्या. बाटल्या सहा, बिस्किटांचे पुडे चार, वेफर्सची पिशवी एक, पुड्या दोन. एकूण तेरा. पुन्हा मोजलं, तेराच. मी कप्पे उलटे केले, खिसे झटकले. मामा हसत बाजूला उभे राहिले. वनखात्याच्या माणसानं वहीत तेरावर गोल काढला आणि अनामत ठेवून घेतली. "वर टाकलं न्हाई ना ताई?" त्यानं विचारलं. मी शपथेवर नाही म्हटलं.

साताऱ्याला पोचून गॉगल काढायला पिशवीत हात घातला तर ओआरएसची चौदावी पुडी त्याच्या डबीत होती.